फळ्यांचा सांधा आणि मावळची हवा



आषाढाचा पाऊस घाटमाथ्यावर एकदा कोसळू लागला की मावळातल्या घराघरांतून एकच कुरकुर ऐकू येते. दार चौकटीत अडकते, कपाटाचा खण ओढता ओढत नाही, देव्हाऱ्याची दारे मिटत नाहीत. घरातली माणसे म्हणतात, "लाकूड फुगलं." पुढे वैशाख येतो. तेच दार आता इतके सैल होते की फटीतून उजेड दिसतो, आणि टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये पोस्टकार्ड सरकावे एवढी चीर पडते. मग तीच माणसे म्हणतात, "मिस्त्रीनं काम कच्चं केलं." काम कच्चे असेलही. पण पुष्कळदा दोष मिस्त्रींच्या हाताचा नसतो, हिशेबाचा असतो. हा हिशेब फळ्या जोडण्याचा, सरस लावण्याचा आणि दाब देण्याचा आहे. मी काही सुतार नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. परंतु गावच्या सुताराच्या पडवीत जे शास्त्र रोज घडते, ते शाळेतल्या मुलांना दाखवण्याजोगे आहे असे मला वाटते, आणि ते नीट ठाऊक असले तर सुताराचे नुकसानही टळते. चिरलेला तक्ता बदलून द्यायचा तो त्याने पदरच्या पैशाने, आणि वर नाव जाते ते वेगळेच.

आधी फळ्या जोडायच्याच कशाला, हा प्रश्न. जुन्या वाड्यांतून दीड-दोन हात रुंदीच्या अखंड फळ्या दिसतात. आता तेवढ्या घेराचे झाड कोठून आणायचे? तुमच्या स्वतःच्या बांधावर साग असला, तरी तो परवानगीवाचून तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ सालापासून तसा वृक्षतोडीचा कायदाच आहे. वखारीत मिळते ती चार-सहा इंच रुंदीची फळी. चार-पाच फळ्या काठाला काठ लावून जोडल्या, की टेबलाचा तक्ता होतो. आणि यात कमीपणा मुळीच नाही. अखंड रुंद फळी दिसते देखणी, पण ती पन्हळासारखी वाकते. अरुंद फळ्यांचा नीट जोडलेला तक्ता पुष्कळ सरळ राहतो. सांधा चांगला असेल तर तो लाकडापेक्षाही बळकट असतो. हे कसे तपासायचे ते पुढे सांगतो.

लाकूड म्हणजे काय, ते एकदा मनाशी पक्के केले पाहिजे. मावळ हा भाताचा मुलूख. भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांपुढे आणा. असंख्य पोकळ काड्या एका दिशेने लागलेल्या. तसेच लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने लागलेले असतात. पेंढी भिजली तर ती जाड होते, लांब होत नाही. लाकडाचेही तेच. ओल लागली की फळी रुंदीत वाढते, लांबीत वाढत नाही म्हटले तरी चालेल. बहुतेक सगळी भांडणे या एका गोष्टीतून निघतात.

लाकूड पाण्यात बुडवावे लागते असेही नाही. ते हवेतली ओल पिते आणि हवेलाच परत देते. लोणावळ्याची चिक्की बघा. उन्हाळ्यात बरणी उघडी राहिली तर चिक्की कुरकुरीत राहते. जुलैत राहिली तर संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटते. लाकूड चिकट होत नाही इतकेच, ओल घेण्याची रीत तीच. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी धरून ठेवते. आर्द्रता ६५ टक्के झाली की १२ टक्के. ९० टक्के झाली की २० टक्क्यांच्या आसपास. चैत्रातली दुपार आणि श्रावणातली झड यांत लाकडाच्या पोटात एवढा फरक पडतो. अर्थात जाड फळी एका दिवसात हे करीत नाही, तिला काही आठवडे लागतात. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, तिला वेळ भरपूर मिळतो.

आता मावळची विशेष अडचण. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे कामशेत, वडगाव, तळेगाव असे उतरत यावे तसा पाऊसही उतरत जातो, आणि पुण्यात तो सातशे-साडेसातशे मिलिमीटरांवर येतो. सारे अंतर साठ-पासष्ट किलोमीटरांचे. म्हणजे पुण्याच्या वखारीत उन्हाळ्यात सुकलेली फळी लोणावळ्याला नेऊन तिचे टेबल केले की ते पावसाळ्यात फुगणार; आणि लोणावळ्यात भाद्रपदात जोडलेला तक्ता पुण्याच्या घरात, त्यातून ते घर यंत्राने थंड केलेले असले, तर आकसणार. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांची कामे करणाऱ्या मिस्त्रींना हे रोजचेच आहे. बंगल्याचे मालक शनिवार-रविवारी येतात, एरवी घर बंद. बंद घरात पावसाळ्यात काय हवा होते ते काही सांगायला नको.

किती फुगते म्हणाल, तर सागाचेच उदाहरण घेऊ. साग हे या बाबतीत सर्वांत शहाण्या लाकडांपैकी एक. तरीही सागाच्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या तक्त्यातली ओल ८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेली, तर तो जवळजवळ ११ मिलिमीटर रुंद होतो. फळी गाभ्याच्या रोखाने चिरलेली असेल, म्हणजे तिच्या टोकाकडे पाहिल्यावर वाढीची वलये उभी दिसत असतील, तर ही वाढ निम्म्यावर, सुमारे ६ मिलिमीटरांवर येते. म्हणून जाणते सुतार फळी उचलली की आधी तिचे टोक बघतात. भल्या माणसाने फळीचा रंग बघावा आणि सुताराने टोक बघावे, असे म्हणायला हरकत नाही!

पाव इंच, अर्धा इंच म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हे वाढणे अडवून पाहा. खडकात लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतले की फुगणाऱ्या लाकडाने दगड फुटतो, ही युक्ती फार जुनी आहे. जे लाकूड दगड फोडते, ते तुमच्या चार खिळ्यांना काय जुमानणार?

तेव्हा पहिले काम लाकूड सुकवण्याचे. फळ्यांची थप्पी लावताना दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा घालाव्यात, रिपा एकाखाली एक याव्यात, थप्पी जमिनीपासून हातभर वर असावी, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या. एक इंच जाडीला एक वर्ष, ही जुनी ढोबळ मोजणी आजही वाईट नाही. जमिनीवर भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या फळ्या सुकत नाहीत, नुसत्या वाकतात.

सुकली की नाही हे कसे कळावे? हल्ली ओल मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, ते ज्यांना परवडेल त्यांनी जरूर घ्यावे. पण शिक्षकहो, तुमच्या शाळेत तराजू असेल तर यंत्राची गरज नाही. फळीच्या टोकापासून हातभर आत, बोटभर जाडीचा आडवा तुकडा कापून घ्या. टोकाचाच तुकडा घेऊ नका, टोक नेहमी आधी सुकते. तुकडा लगेच तोला. समजा १३२ ग्रॅम भरला. मग तो भट्टीत १०० अंशांच्या जरा वर ठेवा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवा. आता भरला ११२ ग्रॅम. पाणी गेले २० ग्रॅम. वीसला ११२ ने भागा; उत्तर येते सुमारे १८ टक्के. भागायचे कोरड्या वजनाने, ओल्या वजनाने नव्हे. मुले येथे हमखास चुकतात. १८ टक्क्यांची फळी जोडायला घेऊ नये. आपल्याकडे घरातल्या सामानाला १२ टक्क्यांच्या आसपासची फळी बरी. आणि एक महत्त्वाचे: एका तक्त्यातल्या सगळ्या फळ्या एकाच ओलीच्या हव्यात. एक वखारीतून कालच आलेली आणि दुसरी माळ्यावर पाच वर्षे पडलेली, असे लग्न लावले तर त्यांचा संसार सांध्यातच मोडतो.

आता काठ. सांध्याचे नव्वद टक्के यश रंध्यात आहे, सरसात नाही, असे माझे मत आहे, आणि मला भेटलेल्या बहुतेक मिस्त्रींनी ते मान्य केले आहे. पुष्कळांची समजूत असते की काठ खरबरीत ठेवला, त्यावर कानस मारली, तर सरस चांगला धरतो. तसे नाही. धारदार रंध्याने नुकताच तासलेला, गुळगुळीत, स्वच्छ काठ सर्वांत चांगला धरतो. कानशीने तंतू चुरगळतात, आणि सरस त्या चुरगळलेल्या तंतूंनाच चिकटतो. काठ तासला की त्याच दिवशी जोडावा. साग तेलकट असतो; ते तेल हळूहळू वर येते आणि सरसाला अडवते. जुना तासलेला काठ असेल तर पुन्हा एक पातळ साल काढावी किंवा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा.

काठ अगदी काटकोनात तासणे अवघड असते. त्याला एक सोपी युक्ती आहे. शेजारी यायच्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा एकमेकींवर मिटा, दोघींचे काठ एका बाजूला आणून एकदम शिकंजात धरा, आणि दोन्हींवर मिळून रंधा चालवा. रंधा थोडा तिरका गेला तरी बिघडत नाही. पुस्तक उघडले की एकीचा तिरकेपणा दुसरीचा तिरकेपणा खाऊन टाकतो आणि तक्ता सपाट येतो. गुण्या हाताशी असावाच, पण ही युक्ती गुण्यालाही माफ करते. लांब फळ्या असतील तर मध्ये कागदाच्या जाडीएवढी पोकळी ठेवावी. दोन फळ्या उभ्या एकमेकींवर ठेवल्या की टोके टेकावीत आणि मधून उजेडाची पुसट रेघ दिसावी. दाब दिला की ती रेघ मिटते आणि टोके घट्ट दाबली जातात. टोके आधी सुकतात, आधी आकसतात, आणि सांधा उलायला सुरुवात टोकापासूनच होते. म्हणून ही तजवीज. उलट बाजू, म्हणजे मध्ये टेकलेले आणि टोकाला उघडे, हे मात्र कधीही चालायचे नाही.

आता सरसाकडे वळू. खरा सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला. तो रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६० अंशांपर्यंत तापवायचा. उकळला की त्याचे बळ जाते. सुताराच्या पडवीत त्याचा वास भरून राही. ज्यांनी तो घेतला आहे त्यांना तो विसरणे शक्य नाही. पण सरसाची एक गंमत होती. दोन छोटे तुकडे गरम सरस लावून एकमेकांवर घासायचे, पाच-सात वेळा घासले की हाताला ओढ जाणवते, आणि मग ते सोडून द्यायचे. शिकंजा नको, पाचर नको. थंड होता होता सरसच त्यांना ओढून धरतो. दोष हा की दमट हवेत तो पुन्हा नरम पडतो, त्याला बुरशी येते. घाटमाथ्यावर सरसाचे सामान टिकवणे कठीणच होते. नांगराला किंवा बैलगाडीला सरस लावलेला कोणी पाहिला आहे काय? तेथे पाचर आणि लोखंड यांचेच काम.

१९५९ साली बळवंतराय पारेख यांच्या कंपनीने मुंबईत फेविकॉल आणला आणि सुतारांच्या सरसाची चूल विझली. पुढे हे नाव इतके घरोघर गेले की कोणत्याही पांढऱ्या सरसाला लोक फेविकॉलच म्हणू लागले. हा पांढरा सरस म्हणजे दुधासारखा प्रकार आहे. दुधात जसे स्निग्धाचे कण पाण्यात तरंगतात, तसे यात एका कृत्रिम राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. सांध्यात दाबल्यावर पाणी लाकडात मुरते, कण एकमेकांजवळ येतात, मिसळतात आणि त्यांचा सलग, चिवट पापुद्रा होतो. म्हणजे पाणी मुरायला लाकडात जागा हवी! लाकूड आधीच ओलीने तुडुंब भरलेले असेल आणि बाहेरही झड लागलेली असेल, तर हे पाणी जाणार कोठे? पावसाळ्यात सांधे उशिरा धरतात याचे कारण हेच. डब्यावर सहा-आठ तास लिहिलेले असले, तरी श्रावणात तक्ता पूर्ण चोवीस तास दाबात ठेवावा. पौषातल्या थंड पहाटेही हा सरस नीट जुळत नाही, सुकल्यावर खडूसारखा पांढरट दिसतो. अशा वेळी काम ऊन वर आल्यावर करावे. आणि जे सामान पावसात भिजणार आहे, त्याला साधा पांढरा सरस नको, पाण्याला टिकणारा प्रकार मागून घ्यावा.

लावताना दोन्ही काठांना पातळ, सारखा थर द्यावा. जुनी फणी किंवा करवतीच्या पात्याचा तुकडा यासाठी उत्तम. जाड थराने सांधा बळकट होतो ही समजूत सोडून द्यावी. चिक्कीतही पाक जास्त झाला तर ती दातांना नुसती ओढते, धरत नाही. मात्र फळीचे आडवे कापलेले टोक कधी काठाला जोडू नये. पेंढीच्या टोकाला काड्यांची तोंडे उघडी असतात, ती सगळा सरस पिऊन टाकतात. तेथे कूस काढून खाचेतच बसवले पाहिजे.

आता दाब. येथे मला थोडे गणित करू द्या, कारण लोकांना याची कल्पनाच नसते. सागासारख्या लाकडाला सांध्याच्या दर चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास दाब हवा. तक्ता ९० सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड असेल, तर सांध्याचे क्षेत्र झाले २२५ चौरस सेंटिमीटर. एकूण दाब २,२५० किलो. म्हणजे साडेबावीस क्विंटल. पन्नास किलोची ४५ पोती एकावर एक रचावीत एवढा! तक्त्यावर दोन विटा आणि एक पाटा ठेवून सांधा दाबणाऱ्या मंडळींनी हा आकडा ध्यानात घ्यावा. चांगला स्क्रूचा शिकंजा, आपले मिस्त्री ज्याला सरळ क्लॅम्प म्हणतात, तो हाताने आवळून चार-पाच क्विंटल दाब देतो. म्हणजे या तक्त्याला पाच शिकंजे लागतील. येथे शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न घालावा: चार फळ्या जोडायच्या तर तीन सांधे, मग दाब तिप्पट लागेल काय? नाही लागत. रस्सीखेचीत दोराचा ताण सगळीकडे सारखाच असतो, तसा हा दाब एका सांध्यातून दुसऱ्यात जसाच्या तसा जातो. फळ्या चार असोत की आठ, शिकंजे तेवढेच.

शिकंजे किती अंतरावर लावावेत, यालाही आडाखा आहे. शिकंजाच्या तोंडापासून दाब लाकडात पंख्यासारखा पसरत जातो, दोन्ही बाजूंना ४५ अंशांनी. बाहेरची फळी १० सेंटिमीटर रुंद असेल, तर पहिल्या सांध्यापर्यंत जाईतो तो २० सेंटिमीटर पसरलेला असतो. म्हणून अंतर २० सेंटिमीटर. बाहेरून पाच सेंटिमीटर रुंदीची सरळ रीप लावली तर तो ३० सेंटिमीटर पसरतो, शिवाय काठावर वळ उठत नाहीत. एक शिकंजा खालून, दुसरा वरून, असे आळीपाळीने लावावेत. सगळे एकाच बाजूने लावले तर तक्ता कमान धरतो. लोखंडी दांडी आणि ओला सरस यांच्यामध्ये कागद घालायला विसरू नये. हिरडा आणि लोखंड यांची काळी शाई आपल्या आजोबांना ठाऊक होती. सागात, बाभळीत तसाच तुरट अंश असतो, आणि लोखंड टेकले तेथे काळा डाग पडतो तो रंध्यानेही लवकर जात नाही.

शिकंजे महाग असतात. पाच शिकंजे प्रत्येक सुताराकडे असतीलच असे नाही, आणि नसले म्हणून काम अडू नये. एका जाड, सरळ फळकुटाच्या दोन टोकांना दोन ठोकळे स्क्रूने पक्के बसवा. त्यांतले अंतर तक्त्याच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त ठेवा. तक्ता मध्ये बसवा आणि उरलेल्या जागेत दोन पाचरी समोरासमोरून घाला, एकीचे निमुळते तोंड इकडे, दुसरीचे तिकडे. दोन्हींवर आळीपाळीने हातोडी मारली की बाहेरच्या बाजू समांतरच राहतात आणि दाब सरळ जातो. पाचर आठ इंच लांबीला एक इंच चढाची असली की स्वतःहून सुटत नाही. असली चार-पाच फळकुटे एका दिवसात होतात आणि खर्च जवळजवळ काही नाही. जोडपाचरीचा दाब स्क्रूच्या शिकंजापेक्षा कमी पडतो असे मुळीच समजू नये. दोर गुंडाळून त्यात काठी घालून पीळ देण्याची रीतही आहे. ती गोल किंवा वेड्यावाकड्या वस्तूंना बरी, सपाट तक्त्याला तिचा भरवसा धरू नये. आणि गोल वस्तूला दाब देण्याची खरी करामत पाहायची असेल तर बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहावी. लोखंडी धाव तापवून लाल करायची, ती वाढते तेव्हा चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचे. आकसणारे लोखंड सगळे आरे आणि घेर असे आवळते की सरसाचा थेंब न लावता चाक वर्षानुवर्षे चालते. आता अशी चाके क्वचितच बनतात, रबरी टायरांनी ती जागा घेतली. पण उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की गाडीवान चाक पाण्यात टाकून ठेवी. म्हणजे लाकडाच्या फुगण्याचाच त्याने उपयोग करून घेतला होता.

सरस लावण्यापूर्वी एकदा कोरडी जुळणी करून पाहावी. सगळे शिकंजे, रिपा, पाचरी जागच्या जागी लावून बघायच्या आणि मग सोडायच्या. सरस लावल्यावर हातात पाच-दहा मिनिटेच असतात, वैशाखात त्याहून कमी. तेव्हा पाचर शोधायला धावणे परवडत नाही. मधला शिकंजा आधी, मग टोकाकडे. दाब बरोबर असेल तर सांध्यावर मोहरीएवढे सरसाचे थेंब सारख्या अंतरावर उमटतात. ओघळ लागला तर सरस जास्त. काहीच आले नाही तर कमी. ते थेंब ओल्या फडक्याने पुसू नयेत. पुसलेला सरस लाकडात मुरतो आणि पॉलिश लावल्यावर तेथे फिकट डाग उठतो. अर्ध्या-पाऊण तासाने ते रबरासारखे होतात, तेव्हा पटाशीने अलगद खरवडावे.

शिकंजे काढले म्हणजे लगेच रंधा मारायचा नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे लाकूड सरसातले पाणी पिऊन किंचित फुगलेले असते. तेव्हाच तासून सपाट केले, तर पुढे ते सुकून आकसते आणि सांध्यांवर बारीक पन्हळ पडते. पॉलिशच्या चकाकीत ती लगेच दिसते. चार दिवस थांबावे, पावसाळ्यात आठ. गिऱ्हाईक घाई करते, "पंधरा दिवसांत द्या" म्हणते, आणि सुतार नाही म्हणू शकत नाही. खराब झालेल्या निम्म्या कामांचे मूळ या घाईत आहे, असे मला वाटते. पैसे देणाऱ्या माणसाने हे आठ दिवस सुताराला दिले पाहिजेत.

इतके करून तक्ता जुळला. तरी त्याचे फुगणे-आकसणे थांबले नाही, हे विसरून चालणार नाही. सरस सांधा धरतो, पण लाकडाला हवा पिण्यापासून रोखत नाही. पॉलिशसुद्धा नुसता वेग कमी करते. म्हणून तक्ता चौकटीवर खिळ्यांनी किंवा सरसाने जखडू नये. खालच्या आडव्या पट्ट्यांत स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, मधला स्क्रू तेवढा घट्ट आणि बाकीच्यांना सरकायला वाव. जुन्या शाळांतल्या लाकडी फळ्यांच्या पाठी पाहा. ज्या फळ्याला मागून आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या, तो मधोमध तडकलेला असतो, आणि वर्षानुवर्षे मास्तरांची अक्षरे त्या चिरेवरून उडी मारत गेलेली असतात.

जुन्या वाड्यांचे दिलेदार दरवाजे याच ज्ञानावर बांधलेले आहेत. बाहेरची चौकट अरुंद लाकडांची, तिची उंची-रुंदी फारशी बदलत नाही. आतले दिले चौकटीच्या खोबणीत नुसते बसवलेले, सरस नाही, खिळा नाही. पावसाळ्यात दिला खोबणीत थोडा आत शिरतो, उन्हाळ्यात थोडा बाहेर येतो, आणि दाराला त्याची खबरही नसते. आजचा एखादा उत्साही कारागीर त्या खोबणीत "पक्कं व्हावं म्हणून" फेविकॉल भरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात दिला उभा चिरतो.

कार्ल्याचे चैत्यगृह तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मुलांची सहल घेऊन जाल तेव्हा मान वर करून छताकडे बघा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागाच्या कमानदार फासळ्या तेथे अजून आहेत. छत अखंड कातळाचे. फासळ्या त्याचा भार पेलत नाहीत, लाकडी इमारतीचा आकार दगडात उतरवताना त्या बसवल्या गेल्या. ज्या डोंगरावर पावसाळ्यात ढग खाली उतरतात तेथे हे लाकूड टिकले. सागाचा गुण आहेच, पावसाची सर थेट लागत नाही हेही आहे. पण आणखी एक पाहा: तेथे रुंद तक्ता कोठेच नाही. सुट्या, अरुंद फासळ्या, मध्ये मोकळी हवा.

राहता राहिली सांधा तपासण्याची गोष्ट. तक्ता जोडताना त्याच फळ्यांचे वितीएवढे दोन तुकडे त्याच सरसाने, त्याच दाबाने जोडून ठेवावेत. दोन दिवसांनी शिकंजात एक बाजू धरून दुसरीवर मोगरी मारावी. सांध्याशेजारचे लाकूड फाटले आणि सरसाच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी तंतू चिकटून राहिले, तर सांधा लाकडाहून बळकट आहे. रेघ स्वच्छ उघडली आणि तीवर काचेसारखी चकाकी दिसली, तर सरस दाबापूर्वीच सुकला होता. रेघ कोरडी, जवळजवळ सरसच नसल्यासारखी दिसली, तर तो कमी लावला गेला होता किंवा दाबाने सगळा बाहेर गेला होता.

शाळांसाठी आणखी एक प्रयोग आहे, त्याला वर्ष लागते. आंब्याच्या किंवा सागाच्या रुंद फळीच्या टोकाकडून दोन बोटे जाडीची आडवी पट्टी कापा, म्हणजे फळीची रुंदी ही पट्टीची लांबी होईल. त्याच फळीतून तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी उभ्या रेषेने कापा. दोन्ही वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगा आणि मे, ऑगस्ट आणि जानेवारी या तीन महिन्यांत त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये तारखेसह भिंतीवरच लिहून ठेवा. आडवी पट्टी काही मिलिमीटर हललेली दिसेल, उभी जागची हलणार नाही. पट्ट्यांना तेल किंवा पॉलिश लावू नका, आणि खिचडी शिजवायच्या खोलीत त्या टांगू नका. नाहीतर मोजमाप मावळच्या हवेचे न होता चुलीचे होईल.